सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचे मॅगझिन : क्षमता कशी निवडावी आणि प्लग कसा बसवावा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाची छर्‍याच्या बंदुकीशी पहिली ओळख बहुधा एखाद्या सहकाऱ्यामुळे होते. सप्टेंबर लागला की तो होल्यांच्या शिकारीला बोलावतो, किंवा एखाद्या रविवारी उडत्या तबकड्यांवर नेम धरायला क्लबात घेऊन जातो, आणि वर्ष सरता सरता आपलीही एक बारा बोअरची सेमी-ऑटोमॅटिक असावी असे मनात येऊ लागते. दुकानात गेल्यावर मात्र पहिलाच प्रश्न गोंधळात टाकतो. एका बंदुकीच्या चिठ्ठीवर ४+१ लिहिलेले असते, दुसरीवर ३+१, तिसरीचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे साठवणारे नळकांडे, पुढे वाढवलेले असते आणि तिच्यावर ८+१ असा आकडा असतो. जास्त काडतुसे मावणारी बंदूक अधिक चांगली, असा समज तिथल्या तिथे होतो आणि नवशिक्या माणूस गरज नसलेल्या गोष्टीवर पैसे घालतो. टेक्सासमध्ये मी बरीच वर्षे या छंदात घालवली आहेत आणि अनेक नव्या मंडळींना पहिली बंदूक घेताना सोबत केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की मॅगझिनची क्षमता आधी कायदा ठरवतो, मग उपयोग ठरवतो, आणि बहुसंख्य नवशिक्यांना करावा लागणारा बदल हा क्षमता वाढवण्याचा नसून ती कमी करण्याचा, म्हणजे मॅगझिनमधली जागा अडवणारी दांडी, प्लग, बसवण्याचा असतो.

खरेदीच्या आधी

मराठी वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब व्हिसाची आहे आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. एच-१बी, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वपरिचित अपवाद म्हणजे अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. व्हिसावर असलेल्या माणसाने मित्राच्या सांगण्यावर विसंबून न राहता वकिलाचा सल्ला घ्यावा आणि परवान्याची मुदत कधी संपते हे लिहून ठेवावे, कारण मुदत संपलेला परवाना म्हणजे वैध परवाना नव्हे, आणि या चुकीची किंमत दंडावर भागत नाही; देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो.

भारतातल्या वाचकांसाठी एवढेच सांगणे पुरेसे आहे की तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे आणि शस्त्र नियम, २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक बंदुका साध्या बारा बोअरपेक्षा वेगळ्या आणि अधिक कडक प्रवर्गात घातलेल्या आहेत. हा लेख त्यामुळे अमेरिकेतील परिस्थितीबद्दलच आहे.

आता क्षमतेचा नियम पाहू. होले, बदके, हंस यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करताना बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, हा संघीय नियम आहे. एकूण तीन म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे बार होतो) एक आणि मॅगझिनमध्ये दोन. बंदुकीची मूळ क्षमता जास्त असेल तर ती एकसंध प्लग घालून कमी करावी लागते आणि तो प्लग बंदूक खोलल्याशिवाय निघणार नाही असा असावा लागतो. या नियमातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. 'मावणे' हा निकष आहे, 'भरणे' नव्हे. तुम्ही दोनच काडतुसे भरली होती, पण चौथे मावत होते, तर नियम मोडलेलाच आहे.

हा नियम १९३५ सालचा आहे आणि त्यामागचा इतिहास कळला की तो जाचक वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारात विकण्यासाठी पक्षी मारण्याचा धंदा अमेरिकेत इतका फोफावला की आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे नाहीसे झाले. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढे १९३० च्या दशकातल्या भीषण दुष्काळात प्रेअरीवरची तळी आटली, बदकांची संख्या कोसळली, आणि तेव्हा धान्याचे आमिष टाकणे, जिवंत बदके बांधून ठेवून रानातल्या बदकांना भुलवणे या गोष्टींवर बंदी आली. तीन काडतुसांची मर्यादा याच वेळी घातली गेली. जॉन ब्राउनिंग यांची ऑटो-५ ही सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ बाजारात होती आणि तिच्या नावातला पाच हा आकडा तिच्या क्षमतेचाच होता : मॅगझिनमध्ये चार आणि चेंबरमध्ये एक. होले टिपताना मी प्लग बसवतो तेव्हा ही सगळी परंपरा माझ्या मनात असते आणि तिचा मला आदर वाटतो.

आकड्यांचा अर्थ

बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचे मॅगझिन हे नळीखाली बसवलेले दुसरे नळकांडे असते. त्यात काडतुसे एकामागे एक आडवी बसतात, त्यांच्या पुढे फॉलोअर नावाची टोपी असते आणि तिच्या पुढे लांब स्प्रिंग दाबलेली असते. बार उडाला की बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर पडते, स्प्रिंग पुढचे काडतूस मागे ढकलते आणि उचलणारी पट्टी ते चेंबरच्या तोंडाशी आणते. ४+१ म्हणजे या नळकांड्यात चार आणि चेंबरमध्ये एक.

हा आकडा साधारणपणे पावणेतीन इंची काडतुसांचा असतो. त्याच नळकांड्यात तीन इंची काडतुसे एखाद्याने कमी मावू शकतात आणि साडेतीन इंची तर आणखी कमी. काडतुसावर छापलेली लांबी ही न उडालेल्या काडतुसाची नसते, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. बार झाल्यावर पुढचे दुमडलेले तोंड उलगडते आणि त्यानंतर रिकाम्या काडतुसाची जी लांबी भरते ती छापलेली असते. हातात एक भरलेले आणि एक उडालेले काडतूस शेजारी शेजारी उभे धरून पाहिले की फरक ताबडतोब दिसतो. याचे दोन परिणाम आहेत. पहिला सुरक्षेचा : पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस विनासायास बसते, पण बार होताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून नळीवर कोरलेली चेंबरची लांबी वाचल्याशिवाय कोणतेही काडतूस घालू नये. दुसरा परिणाम प्लगच्या मोजमापाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

कशासाठी किती

केवळ तबकड्या फोडायच्या असतील तर क्षमतेचा विचार करण्याचे कारणच नाही. ट्रॅपच्या एकेरी तबकड्यांना एक काडतूस भरतात, स्कीट आणि स्पोर्टिंग क्लेज या प्रकारांत एका वेळी दोनपेक्षा जास्त भरत नाहीत. ३+१ ची बंदूक इथे आयुष्यभर पुरते आणि वजनाने हलकी, समतोल बंदूक खांद्याला लागणे हे मॅगझिनपेक्षा कितीतरी महत्त्वाचे ठरते.

स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी तीनची मर्यादा आहेच. म्हणजे ४+१ घेतली काय आणि ३+१ घेतली काय, मैदानात दोन्ही २+१ होतात. फेझंट, तितरवर्गीय पक्षी किंवा टर्की यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि काही ठिकाणी त्यांनाही प्लग लागतो, म्हणून त्या वर्षीची राज्याची पुस्तिका वाचावी. लांब नळकांड्याची ८+१ सारखी बंदूक तीन-शस्त्री, म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्ही बंदुका वापरायच्या स्पर्धांसाठी असते. त्या स्पर्धांत उतरायचे असेल तरच ती घ्यावी, आणि तीही एक हंगाम साध्या बंदुकीवर घालवल्यानंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडक्यात, पहिली बंदूक म्हणून ३+१ किंवा ४+१ ची, तीन इंची चेंबरची, बारा किंवा वीस बोअरची सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी आणि दुकानातून निघण्यापूर्वी खोक्यात प्लग आहे का हे स्वतः पाहावे. नव्या शिकारी बंदुकीसोबत तो बहुधा येतो. काही बंदुकांत आधीच बसवलेला असतो, काहींत पिशवीत सुटा असतो. जुनी बंदूक घेतली तर तो हरवलेला असण्याची शक्यता बरीच असते. माझी पहिली सेमी-ऑटोमॅटिक एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतलेली होती. हंगामाच्या आदल्या रात्री मी डमी, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसे भरून पाहिली तेव्हा दोनानंतर तिसरे गेले, चौथेही गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बंदूक घरीच ठेवून केवळ सोबत म्हणून शेतावर गेलो. तेव्हापासून ही तपासणी मी पंधरा दिवस आधी करतो.

प्लग बसवणे

प्लग म्हणजे प्लास्टिकची किंवा लाकडाची एक दांडी. ती स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या आत बसते आणि फॉलोअरला ठराविक जागेपुढे जाऊ देत नाही. काम पंधरा मिनिटांचे आहे, पण घाईने करू नये. त्या बंदुकीची माहितीपुस्तिका उघडून समोर ठेवावी. हरवली असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर ती बहुधा मिळते. खाली दिलेला क्रम सर्वसाधारण आहे आणि पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचेच ऐकावे.

सर्वप्रथम बंदूक रिकामी करावी. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर आणि सेफ्टीचा खटका लावलेला, अशा स्थितीत बोल्ट मागे ओढून अडकवावा. मग तीन जागा पाहाव्यात : चेंबर, उचलणारी पट्टी आणि मॅगझिनचे तोंड. नुसते डोळ्यांनी पाहून थांबू नये, करंगळी घालून चाचपावे. मॅगझिनच्या तोंडाशी फॉलोअरची टोपी दिसली पाहिजे. तिच्याऐवजी पितळी कडा दिसली तर आत काडतूस अडकलेले आहे. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चेंबर रिकामे असूनही मॅगझिन भरलेले असू शकते आणि या गैरसमजातून अपघात होतात. सगळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत, मगच पेचकस हातात घ्यावा.

यानंतर बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत आणावा, मॅगझिनच्या पुढच्या टोकाची टोपी फिरवून काढावी, लाकडी किंवा प्लास्टिकचा पुढचा दस्ता हळूच पुढे सरकवून काढावा आणि गरज असेल तर नळीही उतरवावी. प्रत्येक भाग जुन्या चादरीवर, काढला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवावा. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळकांड्याभोवती पिस्टन आणि कड्या असतात. त्यांची तोंडे कोणत्या दिशेला होती याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे.

आता नळकांड्याच्या तोंडाशी एक झाकण दिसेल. त्याच्यामागे स्प्रिंग दाबलेली आहे आणि हीच या कामातली एकमेव धोक्याची जागा आहे. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा चढवावा, नळकांड्याचे तोंड स्वतःच्या किंवा कोणाच्याही चेहऱ्याकडे नसावे, तोंडावर जाड फडके धरून अंगठ्याने झाकण दाबून धरावे आणि दुसऱ्या हातातल्या चपट्या पेचकसाने त्याची कड हलकेच उचलावी. झाकण सुटले की अंगठा एकदम न काढता स्प्रिंगला हळूहळू, हातभर बाहेर येऊ द्यावे. पहिल्या खेपेला माझा अंगठा निसटला होता आणि झाकण समोरच्या भिंतीवर आदळून कपाटाखाली गेले. चष्मा नसता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

स्प्रिंग पूर्ण काढण्याची गरज नसते. तिच्या वेटोळ्यांत प्लग सरळ सोडावा. काही प्लगना एका टोकाला जाड डोके असते आणि ते झाकणाच्या बाजूला राहायला हवे. उलटा घातला तर झाकण नीट बसत नाही. स्प्रिंग पुन्हा आत दाबून झाकण बसवावे, ते सर्व बाजूंनी पक्के टेकले आहे याची खात्री करावी, मग नळी, दस्ता आणि टोपी उलट क्रमाने चढवावी. टोपी हातानेच घट्ट करावी, पक्कड लावू नये. मात्र ती सैलही राहता कामा नये, कारण सैल टोपीमुळे नळी हलते.

मूळ प्लग मिळत नसेल तर उत्पादकाकडून मागवावा. तो महाग नसतो. अनेक जण लाकडाची गोल दांडी कापून वापरतात आणि ती एकसंध असेल तर नियमात बसते. पेन्सिलीचे दोन-तीन तुकडे घालून भागवणे मात्र नियमात बसत नाही. लाकडी दांडीची दोन्ही टोके कानसून गुळगुळीत करावीत आणि तिला वार्निशचा हात द्यावा. बदकांच्या शिकारीत बंदूक तासन्‌तास दमट हवेत असते, कच्चे लाकूड फुगते, स्प्रिंगची वेटोळी त्यावर अडकू लागतात आणि काडतूस मागे यायला कचरते.

खात्री

प्लग बसवला म्हणजे काम झाले असे समजू नये. डमी काडतुसे घ्यावीत. चेंबरमध्ये एक घालावे, मॅगझिनमध्ये दोन घालावीत आणि मग तिसरे अंगठ्याने जोर लावून ढकलून पाहावे. ते शिरता कामा नये. शेतावर आलेले वनरक्षक अधिकारी नेमकी हीच तपासणी करतात : बंदूक मागून घेतात, रिकामी करतात आणि स्वतः काडतुसे ढकलून पाहतात. तुमचा शब्द किंवा प्लगची पावती त्यांना चालत नाही.

इथेच काडतुसाच्या लांबीचा दुसरा परिणाम येतो. घरी कापलेला प्लग तीन इंची काडतुसांनी तपासला आणि शिकारीला पावणेतीन इंची नेली, तर तिसरे मावण्याइतकी जागा उरू शकते. बाजारात पावणेदोन इंची छोटी काडतुसेही मिळतात आणि त्यांच्यापुढे तर अनेक प्लग कमी पडतात. म्हणून तपासणी नेहमी, तुम्ही सोबत नेणार असाल त्यांतल्या सर्वांत आखूड काडतुसाच्या मापाने करावी. तसेच काही बंदुकांत मॅगझिन आणि चेंबर भरल्यावर उचलणाऱ्या पट्टीवरही एक काडतूस ठेवता येते. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत ते चौथे ठरते, म्हणून तसे कधीही भरू नये.

शेवटची तपासणी चांदमारीच्या मैदानावर करावी. तीन-तीन काडतुसे भरून किमान एक खोके, म्हणजे पंचवीस बार काढावेत. दुसरे किंवा तिसरे काडतूस वर येत नसेल तर प्लग तिरका आहे, स्प्रिंग गंजली आहे किंवा नळकांड्यात जुने तेल चिकटून फॉलोअर अडखळतो आहे. नळकांडे आतून कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पुसटसा हात दिला की बहुतेक तक्रारी जातात. तेल जास्त झाले तर त्यावर धूळ आणि न जळलेली दारू बसून पुन्हा तेच होते.

क्षमता वाढवायची असेल तर

स्पर्धेसाठी लांब नळकांडे बसवणारे लोक आहेत आणि अनेक राज्यांत ते कायदेशीर आहे, पण नवशिक्याने त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. राज्याचा कायदा सर्वांत आधी. न्यू जर्सीत सहापेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझिन असलेली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन प्रतिबंधित वर्गात मोडते. कोलोरॅडोत तर नळकांड्याच्या मॅगझिनची मर्यादा काडतुसांच्या संख्येत नसून, आत एकामागे एक मावणाऱ्या काडतुसांची एकूण लांबी अठ्ठावीस इंच, अशी मोजलेली आहे. शिवाय परदेशातून आयात झालेल्या बंदुकीत बदल करण्यावर संघीय निर्बंध वेगळे आहेत, आणि हे कायदे बदलत राहतात. दुसरी गोष्ट समतोलाची : पुढच्या टोकाला वाढलेले वजन आणि त्यातली काडतुसे यांमुळे बंदूक नाकाशी जड होते आणि उडत्या लक्ष्यामागे फिरवताना हात मागे पडतो. तिसरी गोष्ट अशी की हे काम परवानाधारक गनस्मिथकडून करून घ्यावे. प्लग बसवणे घरी करण्यासारखे आहे, हे तसे नाही.

ब्रिटन आणि कॅनडातल्या वाचकांनी इथले काहीही तिथे जसेच्या तसे लागू करू नये. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकचे मॅगझिन न निघणारे आणि दोनपेक्षा जास्त काडतुसे न मावणारे असावे लागते, आणि जुन्या मोठ्या मॅगझिनला मर्यादा घालण्याचे काम प्रूफ हाउसच्या, म्हणजे बंदुकांची अधिकृत तपासणी करणाऱ्या संस्थेच्या, शिक्क्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही. तिथे सुटा प्लग चालत नाही.

प्लग काढण्याचे दिवस

टेक्सासच्या किनारी भातशेतांत हिवाळाभर पांढऱ्या हंसांचे थवे उतरतात. स्नो गूज आणि रॉस गूज या जातींची संख्या इतकी वाढली की आर्क्टिकमधली त्यांची घरट्यांची भूमी त्यांच्याच चरण्याने उजाड होऊ लागली. त्यामुळे १९९९ पासून काही राज्यांत नेहमीचा हंगाम संपल्यावर ठराविक काळ विशेष आदेशाने त्यांची शिकार खुली होते आणि त्या काळात, त्या जातींपुरता, प्लग काढण्याची मुभा असते. ही मुभा त्या त्या राज्याने जाहीर केलेल्या तारखांपुरतीच असते आणि त्याच शेतात उतरणाऱ्या बदकांना ती लागू होत नाही.

अडचण होते ती परत बसवण्याची. वसंतात काढलेला प्लग खणात जातो, उन्हाळा जातो, आणि १ सप्टेंबरला होल्यांचा हंगाम उघडतो तेव्हा माणसाला त्याची आठवण राहत नाही. मी प्लग काढतो त्या दिवशी बंदुकीच्या पेटीच्या मुठीला लाल दोरी बांधतो आणि प्लग त्याच पेटीत, फडक्यात गुंडाळून ठेवतो. तो पुन्हा बसवून, डमी काडतुसे ढकलून पाहिल्यावरच ती दोरी सोडतो.